ज्याची त्याची सम

१

सकाळी साडेनऊला मी अकरा नंबरचा ट्रॅक उघडला, तर त्यात गिटार नव्हती.

आधी मी यंत्राला शिव्या घातल्या. आमच्या धंद्यातला माणूस आधी यंत्राला शिव्या घालतो, मग तारांना, मग नशिबाला. स्वतःपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागतो. तारा तपासल्या, हेड पुसलं, रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. रुंद टेपवर सोळा वाटा शेजारीशेजारी जातात, एकेका वाद्याला एकदोन. ड्रम होते, बेस होता, ऑर्गन होता. फक्त अकराव्या वाटेवर, चौदाव्या मिनिटाला, गिटार चालता चालता गडप झाली. अडीच मिनिटं शुकशुकाट. मग काही घडलंच नाही अशा थाटात ती परत आली आणि शेवटपर्यंत साथ करत राहिली.

ती अडीच मिनिटं म्हणजे पाहुण्याचा सोलो होता.

नुकसान केवढं, ते सांगतो. बँड चौघांचा. संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे साध्या माणसाला ज्यावर धड पाय आपटता येत नाही असं. 'उतार' ही त्यांची बावीस मिनिटांची रचना म्हणजे अल्बमची अख्खी एक बाजू. सहा वर्षं स्टेजवर घासून घासून शेवटी टेपवर आली होती. गिटारवाल्याला सगळे पाहुणा म्हणतात, कारण बाकीचे तिघं शाळेपासूनचे मित्र आणि हा मागून आला. सहा वर्षं झाली तरी पाहुणाच. तो आला तेव्हा 'उतार' घरी बसवायला म्हणून मीच त्याला एका कॅसेटवर उतरवून दिली होती, तीही घाईत, सुरुवात जराशी खाऊन. त्यावरून मी तेव्हा बोलणीही खाल्ली होती.

गेल्या वर्षी पाहुण्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, ही परत यायची नाहीत, उलट तिसरंही जाईल. म्हणून ड्रम आणि बेस झाल्याबरोबर आधी त्याची गिटार उरकली, तीन आठवड्यांपूर्वी. आज त्याला डाव्या हाताने चहाचा कप धरता येत नाही. तेव्हा टेपवर जे होतं तेवढंच होतं, पुन्हा होणे नाही.

दहा वाजता मी मास्तरांना सांगितलं. मास्तर ऑर्गन वाजवतात, 'उतार' त्यांनीच लिहिली. त्यांनी रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना फोन केला आणि दोन मिनिटांनी रिसिव्हर माझ्या हातात दिला.

"चार वाजता ऐकायला येतोय मी," साहेब म्हणाले. "तोवर सोलो तरी सापडू दे, नाहीतर तो पुसणारा तरी. दोन्ही नसलं तर तूच पुसलास असं मी धरतो. आणि मी धरलं की सगळे धरतात."

हे खरं होतं. टेपवाल्याच्या हातून टेप पुसली गेली, एवढं एक वाक्य बाहेर पडलं की त्याला कुठलाच स्टुडिओ दारात उभा करत नाही. बावीस वर्षं मी हेच एक काम केलं, दुसरं काही येत नाही. माझं नाव आता चार वाजेपर्यंतच होतं.

मी ताईला फोन केला.

२

ताई माझी थोरली बहीण. तीस वर्षं इस्पितळात कान तपासायचं काम करून गेल्या वर्षी निवृत्त झाली. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "आवाज आला की हात वर करा." संगीतातलं तिला ओ की ठो कळत नाही आणि ते ती लपवतही नाही. पण ऐकू येत असून न आल्याचं सोंग करणारे आणि येत नसून आल्याचं सोंग करणारे, दोन्ही जातीचे लोक तिने हजारांनी पाहिलेत.

ती आली ती पिशवीत डबा, चष्मा आणि पेन्सिल घेऊन. मी तिला सगळं सांगितलं. काल बारा वाजेपर्यंत सोलो टेपवर होता, मी स्वतः ऐकला होता. मग दोन तास सगळे जेवायला पांगले. खोलीची किल्ली बाहेर खिळ्याला असते, ती कुणीही घेऊ शकतं. दुपारी दुसरं रीळ लावलं होतं, 'उतार'ला कुणी हात लावला नाही.

"जेवायच्या सुट्टीत कोण कुठे होतं, ते विचारायचं का?" मी म्हणालो.

"चार माणसं चार थापा मारतील. आपल्याकडे वेळ थोडा आहे. मला ते भोक ऐकव."

मी तिला ते भोक चार वेळा ऐकवलं. मग ती भिंतीवरच्या कागदाकडे बघायला लागली. मास्तरांनी त्यावर तेरा चौकोन आखलेत. 'उतार' तेरा ठोक्यांच्या एका फेऱ्याने सुरू होते, आणि सोलोच्या भागात तोच फेरा पुन्हा पुन्हा येतो. तेरा हा आकडा कुणाच्या पायाला सवयीचा नाही, म्हणून कागद.

"गिटार जाते तेव्हा कितवा चौकोन चालू असतो?"

मी कागदाप्रमाणे बोट फिरवत मोजलं. "तिसरा."

"आणि परत येते तेव्हा?"

पुन्हा मोजलं. "तिसराच."

"चुकून जिन्यावरून पडलेला माणूस पायऱ्या मोजत पडत नाही," ताई म्हणाली. "हे कुणीतरी मुद्दाम केलंय. तू केलंस?"

"ताई, तू मला विचारतेस?"

"सगळ्यांना विचारणार, मग तुलाच का सोडू? बरं, असा मधलाच तुकडा बदलायचा झाला तर तू बटण कसं दाबतोस ते दाखव."

मी एक जुनं रीळ लावलं आणि दाखवलं. चालत्या टेपवर मध्येच रेकॉर्डचं बटण दाबायचं, याला आम्ही पंच मारणं म्हणतो. पंच कधी ठोक्यावर मारत नाहीत. ठोक्याच्या आधी जो श्वासाएवढा रिकामा क्षण असतो, त्यात मारतात. ठोक्यावर मारलात तर आधीच्या सुराचं शेपूट राहतं आणि नव्याचं तोंड कापलं जातं. पहिल्या वर्षी माझ्या उस्तादांनी टपल्या मारून मारून हे डोक्यात बसवलं. आता ठरवूनही बोट ठोक्यावर पडत नाही.

"आणि या भोकाची कड?"

मी ऐकलं. दहादा ऐकूनही सकाळपासून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची लाज वाटली. कड बरोबर ठोक्यावर होती. दोन्हीकडची.

"म्हणजे बटण कुठलं ते त्याला माहीत आहे, पण दाबायची रीत माहीत नाही," ताई म्हणाली. "वाजवणारा आहे. टेपवाला नाही."

माझ्या जिवात जीव आला. "मग हेच साहेबांना सांगू या."

"सांग की. म्हणतील, पकडला जाऊ नये म्हणून मुद्दाम वाईट दाबलं." तिने पेन्सिलीचं टोक तिसऱ्या चौकोनावर टेकवलं. "मला वेगळंच कळत नाहीये. फेरा सुरू होतो पहिल्या चौकोनात. ठोके मोजता येणारा माणूस पहिल्यापासून पुसेल ना? याने तिसऱ्यापासून का पुसलं?"

३

आमच्यात पहिल्या ठोक्याला 'वन' म्हणतात. ताईने सम म्हटलं आणि दिवसभर तोच शब्द वापरला. तिला तो शब्द शेजारच्या तबला शिकणाऱ्या मुलीमुळे माहीत होता.

माणसं एकेक करून आत आली. मास्तर आधी. त्यांना मास्तर म्हणतात कारण ते सगळ्यांचं चुकतंय असं गृहीत धरून बोलतात.

"तुम्हाला हा सोलो लहान करायचा होता, असं ऐकलं," ताई म्हणाली.

"अर्धा. अडीचचा सव्वा. बाजू लांब झाली की रेकॉर्डवर आवाज बारीक येतो, हे तुमच्या भावालाच विचारा. पण लहान करणं वेगळं आणि पुसणं वेगळं, ताई. मी माझ्या रचनेला भोक पाडीन का?"

"तुमच्याच म्हणून विचारते. आपल्या भिंतीला खिळा ठोकायला माणूस परवानगी घेत नाही."

ताईने त्यांना स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले. "फेरा जिथून सुरू होतो असं वाटतं, त्या ठोक्यावर हात वर करायचा. कागद बघायचा नाही. डोळे मिटा." मी टेप लावली, ती बाहेर बसून रेघा मारत राहिली. मास्तरांचा हात दर वेळी पहिल्या चौकोनावर वर गेला, आणि तोही छडी उगारल्यासारखा.

धडक्या ड्रम वाजवतो. तो आला तो भांडायलाच.

"हो, मला तो सोलो आवडत नव्हता. आणि मी पाहुण्याशी बोलतही नाही, चार महिने झाले. त्या अडीच मिनिटांत मी जे वाजवलंय ते मला आयुष्यात परत जमायचं नाही, आणि लोक काय म्हणणार? वा, काय गिटार आहे. म्हणून काय मी पुसेन? अहो, त्याची बोटं गेलीत. मी भांडखोर आहे, खाटीक नाही."

"आता तुमचे ड्रम स्वच्छ ऐकू येतात की."

"येतात," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "सकाळपासून तेच ऐकतोय मी, आणि ऐकवत नाही."

त्याचाही हात पहिल्या चौकोनावर.

मौनी शेवटी आला. हा बेस वाजवतो आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो. पाहुणा त्याच्या बहिणीचा नवरा. बँडमध्ये सगळे पाहुणा म्हणत असताना हा एकटा त्याला दाजी म्हणतो.

"घरी कसं आहे?" ताईने विचारलं.

"बहीण बटणं लावून देते त्यांना," मौनी म्हणाला. "शर्टाची."

"सोलो गेल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय?"

उत्तर द्यायच्या आधी त्याने माझ्याकडे पाहिलं. पापणी लवते तेवढाच वेळ. "वाटतंय," तो म्हणाला.

हेडफोन चढवले, डोळे मिटले. त्याचा हात आठव्या चौकोनावर वर गेला. पुन्हा फेरा, पुन्हा आठवा.

काचेपलीकडून बघत असलेल्या मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी दार उघडलं. "आठ? सहा वर्षं तू आठपासून मोजतोयस?"

"सगळे एकत्रच संपतो ना," मौनी म्हणाला.

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. संसारातही असंच चालतं म्हणतात, ज्याची त्याची सम वेगळी आणि फेरा एकच. पण आत्ता मला तत्त्वज्ञान नको होतं, तिसऱ्या चौकोनावर हात वर करणारा हवा होता. ताईने मलाही बसवलं. माझा हात पहिल्यावर, कागदावर लिहिल्याबरहुकूम.

तिने चार ओळी माझ्यासमोर ठेवल्या. एक, एक, आठ, एक. घड्याळात दोन वाजले होते.

"तिसऱ्यावर कुणीच नाही," मी म्हणालो. "म्हणजे पुन्हा मीच."

४

ताईने डबा उघडला, दोन घास खाल्ले, मला दिले नाहीत.

"लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हा तू आईजवळ जाऊन झाकणाचं कौतुक करत बसला होतास," ती म्हणाली. "झाकण किती मजबूत आहे बघ, म्हणे. सकाळपासून तू मला तीनदा सांगितलंस, सोलो काय अप्रतिम वाजवला होता. आणि त्या मौनीने माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे बघून दिलं. काय फोडलंयस?"

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी पाहुणा सोलो वाजवायला बसला तेव्हा पहिली सव्वा मिनिटं सोन्यासारखी आली. तशी गिटार मी पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. मग बोटं अडली. दुसऱ्या अर्ध्याला आम्ही चौतीस वेळा भिडलो. चौतिसाव्या वेळी तो म्हणाला, बघ काही जोडता आलं तर, आणि हात काखेत धरून घरी गेला. जोडण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे असताना मास्तर म्हणाले, मौनीला वाजवू दे. मौनी गिटारही उत्तम वाजवतो, आणि दाजींचे जुने कार्यक्रम ऐकून ऐकून त्यांची प्रत्येक लकब त्याच्या बोटांत होती. त्याने पाहुण्याची गिटार घेतली, पाहुण्याच्याच खुर्चीत बसला आणि राहिलेली सव्वा मिनिटं वाजवली. मी पंच मारला. जोड कुठे आहे ते मला स्वतःला शोधून सापडेना. धडक्याला सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"आणि पाहुण्याला?"

"सांगितलं की चौतीस तुकडे जोडून तुझंच केलंय. परवा त्याला पहिल्यांदा ऐकवलं."

"काय म्हणाला तो?"

"हसला. म्हणाला, हा मी आहे? मग म्हणाला, पुन्हा लाव. तीनदा लावायला लावलं. मी म्हटलं, काय वाजवलंयस पाहुण्या." बोलता बोलता माझा मलाच आवाज खाली गेलेला ऐकू आला. "मला वाटलं खूश झालाय."

ताईने डबा बंद केला. "चुकून काही केलं नाहीत तुम्ही. चांगल्या मनाने केलंत. ते जास्त वाईट." मग तिने पेन्सिल उचलली. "मी एक घोडचूक केली, बाळ. ज्याचं नुकसान झालं त्याला तपासायचंच नाही, असं धरून बसले. एकाचे कान राहिलेत."

५

पाहुणा बाहेरच्या खोलीतच होता. त्याचं काम संपून तीन आठवडे झाले होते तरी तो रोज यायचा, खिडकीजवळच्या बाकावर डावा हात खिशात घालून बसायचा. सकाळपासून येणारा जाणारा प्रत्येकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

"माझेही कान तपासायचेत?" तो ताईला म्हणाला. "तेवढेच शाबूत आहेत."

तो आत बसला. हेडफोन मी चढवले, कारण त्याला एका हाताने नीट जमेना. त्याने डोळे मिटले. टेप सुरू झाली आणि त्याचा उजवा हात वर गेला.

तिसरा चौकोन.

पुढचा फेरा. तिसरा. ताई रेघा मारायची थांबली. तो मात्र डोळे मिटून हात वर-खाली करतच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वाजवतानाची जुनी कळा आली होती. टेप त्या भोकापर्यंत गेली. त्याचा हात वर गेला आणि नेमक्या त्याच क्षणी गिटार गडप झाली.

मी टेप बंद केली. मला कॅसेट आठवली. सहा वर्षांपूर्वीची, घाईत उतरवलेली, सुरुवात खाल्लेली. दोन ठोके खाल्ले होते मी. 'उतार' त्याने पहिल्यांदा ऐकली ती तिसऱ्या ठोक्यापासून. मोजायला सुरुवात केली ती तिथून, आणि सहा वर्षं कुणालाही, त्याला स्वतःलाही, कळलं नाही की हा घरात शिरला तो वेगळ्याच दाराने.

ताईने कागद त्याच्यापुढे ठेवला. एक, एक, आठ, एक, तीन. समजावून सांगितलं. त्याने शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे त्यावरून मला कळलं तर," तो म्हणाला. "परवा मला सांगता येत नव्हतं की मला कसं कळलं. आवाज माझा होता. लकबी माझ्या होत्या, मौनीने एकही सोडली नाही. पण अर्ध्यानंतर प्रत्येक तान दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन थांबायला लागली. मला वाटलं, डोक्यातही काही आखडलं की काय. म्हणून तीनदा ऐकलं."

"आणि काल दुपारी?" ताई म्हणाली.

"काल दुपारी पुसलं. बटण दाबायला एक बोट पुरतं."

"तुझी सव्वा मिनिटं तरी ठेवायचीस," मी म्हणालो. "ती तुझीच होती. खरी होती."

"पुढचं पुसलं असतं आणि ती ठेवली असती, तर सगळ्या जगाला कळलं असतं मी कुठे संपलो ते. आता निदान ते ठिकाण कुणाला दाखवता येणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "मास्तरला अल्बम हवा होता. मौनीला बहिणीचा संसार. ते मला समजतं. तुला काय हवं होतं रे? तू माझ्या तोंडावर म्हणालास, काय वाजवलंयस पाहुण्या."

"तुला बरं वाटावं म्हणून."

"सकाळी साहेब फोनवर काय म्हणाले ते तू मास्तरला सांगत होतास, ते मला बाहेर ऐकू येत होतं. उठून सांगता आलं असतं, की मी पुसलं. नाही सांगितलं. म्हटलं, दिवसभर कळू दे याला, आपलं नाव दुसऱ्याच्या हातात असलं की कसं वाटतं. आता सांग तू. पुरावा आहे तुझ्याकडे, ताईंनी काढलाय. फक्त सगळं सांग. मी पुसलं ते सांग आणि का पुसलं तेही सांग."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"ताई?" मी म्हणालो.

"मी कान तपासते," ताई म्हणाली. "औषध देत नाही."

६

साहेब बरोबर चारला आले, ओल्या छत्रीचं पाणी माझ्या गालिच्यावर गाळत. मास्तर, धडक्या, मौनी भिंतीला टेकून उभे. पाहुणा बाकावर. साहेबांनी कुणाकडे न बघता मला विचारलं, "मिळालं?"

मला थोर ठरवू नका. मी त्या क्षणी हिशेब केला. पाहुण्याने पुसलं म्हणालो तर का पुसलं ते आलं. मग मौनी आला, मास्तर आले, आणि आजारी माणसाच्या जागी दुसऱ्याला बसवून त्यालाच फसवणारा टेपवाला आला. तसल्याला तरी कोण उभं करणार होतं? फरक एवढाच, की एका रस्त्याने मी एकटा बुडत होतो आणि दुसऱ्याने सगळे. पाहुण्याची बोटं वर्तमानपत्रात आली असती. त्याच्या बायकोने ती सकाळी शर्टाच्या बटणांबरोबर वाचली असती.

"चूक माझीच आहे, साहेब," मी म्हणालो. "घाई केली. खाल्लं गेलं."

हे बोलताना मला ती कॅसेट दिसत होती, आणि त्या अर्थाने मी खोटंही बोललो नाही. साहेबांना तो अर्थ ठाऊक नव्हता. पाहुण्याला होता. त्याने खिशातला हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. उठला नाही, काही बोललाही नाही. तो बोलेल असं मला एक क्षण वाटलं होतं, हे मी कबूल करतो.

मौनीला साहेब म्हणाले, तू गिटारही वाजवतोस ना, वाजव तूच. मौनी म्हणाला, "नाही." त्या दिवसाचा तो बहुधा त्याचा विसावा शब्द होता.

शेवटी मास्तरांनी ते भोक तसंच ठेवलं. अल्बम निघाला. लोकांनी त्या अडीच मिनिटांचं फार कौतुक केलं. गिटारवाला ऐन भरात असताना गप्प बसतो आणि नुसते ड्रम आणि बेस चालत राहतात, केवढं धाडस, असं छापून आलं. धडक्याला त्या भागासाठी आजही लोक रस्त्यात थांबवतात आणि तो विषय बदलतो. मौनी आणि पाहुणा एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये आता ती बहीण आहे, बटणं लावणारी. वेष्टणावर गिटारसमोर पाहुण्याचं नाव आहे. ध्वनिमुद्रणासमोर कंपनीने कुणाचंच नाव घातलं नाही.

मी आता ताईच्या जुन्या खात्यात कान तपासायची यंत्रं दुरुस्त करतो. तिच्या ओळखीनेच लागलो. काम वाईट नाही. यंत्र एकच सूर देतं, माणूस हात वर करतो, त्यात कुणाला खोटं वाटायला जागा नाही.

परवा ताई घरी आली होती. मी रेकॉर्ड लावली. सुई भोकापर्यंत आली तेव्हा ताईने पिशवीतून पेन्सिल काढली आणि म्हणाली, "डोळे मीट. हात वर कर."

मी मिटले. कागद मला तोंडपाठ आहे, बावीस वर्षांत मी कधी मात्रा चुकलो नाही. हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. ताईची पेन्सिल थांबली, म्हणून डोळे उघडून तिच्या कागदाकडे पाहिलं. सगळ्या रेघा तिसऱ्या चौकोनात होत्या.